शनिवार साडेचार: माझ्या कादंबरीचं रिवर्क

या गटाला नाव नाही. पाटी नाही, पावतीपुस्तक नाही. व्हॉट्सॲपवर ‘शनिवार ४.३०’ एवढंच लिहिलेलं असतं, तेच नाव समजायचं. ठाण्याला, नौपाड्यात गोखले रोडच्या एका गल्लीत, पहिल्या मजल्यावर, पूर्वी जिथं दहावीचे क्लास चालायचे त्या खोलीत सहा जण आपापल्या कादंबरीची पानं घेऊन बसतात. सोबत एक मॅडम असतात, त्यांची निम्मी हयात प्रकाशकांकडं संपादन करण्यात गेली. बारा शनिवार, चार हजार रुपये. मी दोन फेऱ्या केल्या, म्हणजे आठ हजार रुपये आणि चोवीस शनिवार. ओळखीतले तिघे-चौघे विचारतात, ‘जाऊ का?’ प्रत्येकाला फोनवर सांगून घसा बसला, म्हणून एकदाच लिहून टाकतो.

मी लेखक वगैरे नव्हे. वागळे इस्टेटमध्ये व्हॉल्व्ह बनवणाऱ्या एका कंपनीत अठ्ठावीस वर्षं क्यूसीला, म्हणजे माल तपासायला होतो. हातात मापं घ्यायचा व्हर्नियर आणि टेबलावर तीन रंगांची लेबलं: हिरवं पास, पिवळं रिवर्क (दुरुस्त करून पुन्हा आणा), लाल रिजेक्ट. लेथवर काम करणारे टर्नर लोक मला बघितलं की चहाला निघून जायचे. रिटायर झाल्यावर पहिल्या पावसाळ्यात लिहायला बसलो. दोन टर्नर, एक बंद पडत चाललेली कंपनी, १९८९ ते २००५. दोन वर्षांत ३१२ पानं झाली. बायकोनं वाचली आणि म्हणाली, ‘छान आहे.’ मुलीनं पन्नास पानं वाचली आणि म्हणाली, ‘बाबा, छान आहे.’ एवढ्या वर्षांत ड्रॉइंग न बघता ‘छान आहे’ म्हणणारे सुपरवायझर मी पुष्कळ बघितलेत.

त्याआधी एक महागडा अनुभव घेऊन झाला होता. एका संपादन सेवेला, नाव घेत नाही, पंधरा हजार भरून हस्तलिखित पाठवलं. दोन महिन्यांनी फाइल परत आली. ‘भाषा ओघवती आहे, व्यक्तिरेखा जिवंत आहेत, मध्यभागी थोडा विस्तार कमी करावा’ एवढं पत्र. फाइल मात्र कुठल्या तरी जुन्या फॉन्टमधून फिरवून आणलेली, त्यामुळं जिथं जिथं ‘ऱ्या’ होता तिथं चौकोन. ‘दुसऱ्या पाळीचा भोंगा’ हे शब्द माझ्या कादंबरीत किती वेळा येतात ते मला त्या चौकोनांमुळं कळलं. तेवढाच फायदा. शनिवारच्या गटात आलो तेव्हा मी असा पोळून आलो होतो, हे लक्षात घेऊन पुढचं वाचा.

पद्धत सांगतो. मंगळवारी रात्रीपर्यंत आपली वीस पानं सगळ्यांना पाठवायची. बाकीच्यांनी ती छापून, पेन्सिलनं खुणा करून आणायची. मोबाइलवर वाचून आलेल्याला बोलता येत नाही. एका शनिवारी दोघांचा नंबर. आपला नंबर असला की पहिली पस्तीस मिनिटं आपण गप्प. याला तिथं ‘कुलूप’ म्हणतात. कुणी काहीही म्हणो, अगदी चुकीचं वाचून म्हणो, कुलूप. मग कुलूप उघडलं की आपण फक्त तीन प्रश्न विचारायचे. खुलासा करायचा नाही. ‘मला तिथं असं म्हणायचं होतं’ हे वाक्य निघालं की मॅडम बोट वर करतात. बाकीच्यांनाही एक बंदी आहे: ‘मी असतो तर असं लिहिलं असतं’ हे म्हणायचं नाही. कुठं थांबलात, कुठं मागं जाऊन परत वाचलं, कुठं कुणाचं नाव विसरलात, एवढं सांगायचं.

कुलूप सोपं वाटतं. बसून बघा. माझा पहिला नंबर आला तेव्हा मी पहिलं प्रकरण दिलं होतं. त्यात नऊ पानं वागळे इस्टेटचा इतिहास. एमआयडीसीची स्थापना १ ऑगस्ट १९६२ ची, तिथपासून सुरुवात करून रस्त्यांचे नंबर, शेड, बंद पडलेल्या कंपन्या, सगळं. मला वाटत होतं, हे कुणी लिहिलेलं नाही, लोक वाचून थक्क होतील. आमच्यात एक निवृत्त तलाठी आहेत, मुरबाडकडचे, वय ७१. ते चष्मा पुसत म्हणाले, ‘इन्स्पेक्टरसाहेब, मालकी हक्काचा उतारा उत्तम आहे. पण जमिनीत पीक काय आहे ते दहाव्या पानावर कळलं.’ दहाव्या पानावर दत्ताराम, माझा टर्नर, लेथ पुसत असतो. पस्तीस मिनिटं मी दातांवर दात ठेवून बसलो. कान तापले होते. खाली येऊन टपरीवर दोन कटिंग प्यालो, आणि घरी गेल्यावर लुंगी नेसून त्या नऊ पानांवर आडवी रेघ मारली. रोड नंबर २२ चा सर्कल तेवढा वाचवला. तो आता बाराव्या पानावर एका भांडणात येतो.

बाकी मंडळी अशी. कळव्याच्या एक ताई आहेत, पोळीभाजीचं केंद्र चालवतात, माहेर संगमेश्वरकडचं. ऐरोलीचा एक आयटीतला मुलगा, तो मंगळावरची कादंबरी लिहितोय आणि सगळ्यांना काका-काकू म्हणतो. निवृत्त शिक्षिका आहेत एक, त्यांना सगळे बाई म्हणतात. आणि एक सिस्टर, सरकारी हॉस्पिटलात, बहुतेक रात्रपाळीला. त्यांच्याबद्दल पुढं येईलच.

प्रत्येकाचा कान वेगळा, ही या गटाची खरी कमाई. पहिल्या चार शनिवारांत मी सगळ्यांचं सगळं ऐकलं आणि घरी येऊन सगळं बदललं. तो गाढवपणा होता. सहा मापं एकाच गेजनं काढत नाहीत. नंतर हळूहळू कळलं, कुणाला काय दिसतं.

तलाठीकाकांना माणसं हरवलेली दिसतात. ते प्रत्येक पात्राचा सातबारा काढतात, खरोखर, वहीत रकाने आखून. वरती पात्राचं नाव आणि त्याच्याकडं काय आहे: घर, कर्ज, बायको, वैर. खाली पीकपाहणी, म्हणजे ते पात्र कुठल्या पानावर आलं आणि तिथं काय केलं. दत्तारामचा भाऊ साठाव्या पानावर वारतो. काकांनी समासात लिहिलं होतं, ‘वारसनोंद झालेली नाही.’ मी तीन दिवस विचार करत होतो, याचा अर्थ काय. अर्थ असा की भाऊ मेला, पण गावचं अर्धं घर त्याच्या नावावर होतं आणि पुढं अडीचशे पानं त्या घराचं कुणी नाव काढत नाही. मी नुसता माणूस मारला होता, त्याच्या मागचं आवरलं नव्हतं. त्या एका ओळीतून एक वहिनी उभी राहिली. आता कादंबरीतली सगळ्यात खमकी बाई तीच आहे.

ताईंना बोली ऐकू येते. माझं गाव साताऱ्याकडं, पण कादंबरीतला दुसरा टर्नर मी कोकणातला केला, कारण आमच्या शॉपफ्लोअरवर निम्मे तिकडचे होते. त्याच्या तोंडी सर्रास ‘माका’, ‘तुका’, ‘खय’ घातलं होतं. ताई म्हणाल्या, ‘दादा, तुमचा माणूस संगमेश्वरचा आहे ना? मग हा मालवणी कशाला बोलतोय? कोकण म्हणजे काय एकच गाव आहे का?’ अकरा ठिकाणी पेन्सिलनं बदल करून आणले होते, आणि ते वाचून दाखवताना त्यांचा आवाजच बदलला. पोळ्यांच्या ऑर्डरी घेणारा आवाज निराळा आणि हा निराळा. मी अठ्ठावीस वर्षं त्या माणसांच्या शेजारी डबा खाल्ला, आणि मला दोन बोलींतला फरक कानाला लागला नव्हता. रिजेक्शन माझंच होतं.

ऐरोलीच्या मुलानं माझी अब्रूच काढली, पण फार नम्रपणे. कादंबरीत १९९६ साली दत्ताराम ठाण्याहून लोकल पकडून वाशीला जातो, कामाच्या शोधात. मुलगा म्हणाला, ‘काका, ठाणे-वाशी लोकल नोव्हेंबर २००४ मध्ये सुरू झाली.’ खोलीत शांतता. मला कुलूप होतं, नसतं तरी काय बोलणार होतो? ती लाइन सुरू झाली तेव्हा मी पन्नाशीच्या जवळ होतो, पहिल्या आठवड्यात हौसेनं घणसोलीपर्यंत जाऊन आलो होतो. तरी डोक्यात ती कायमचीच असल्यासारखी बसली होती. शतांश मिलिमीटर मोजणारा माणूस आठ वर्षांनी चुकला. घरी आल्यावर बाकी तारखाही तपासायला काढल्या. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ सालचं, तिथं दोन दुपारी बसलो, आणखी चार चुका सापडल्या. त्या कुणाला सांगितल्या नाहीत, आज सांगतो.

पण त्या चुकीतून फायदा झाला. दत्तारामला लोकलमधून उतरवून बसमध्ये बसवावं लागलं. कळव्याचा पूल, विटावा, मग ठाणे-बेलापूर रोड, दोन्ही अंगांना कारखाने, प्रत्येक स्टॉपला वेगळा वास. लोकलमध्ये हे प्रकरण दीड पानाचं होतं, बसमध्ये सात पानांचं झालं आणि त्या सात पानांवर कुणीही पेन्सिल लावली नाही. मॅडमनी फक्त शेवटी लिहिलं, ‘हा प्रवास झाला.’

आता एक गोष्ट जरा जवळून दाखवतो, म्हणजे ‘सुधारणा होते’ म्हणजे नेमकं काय होतं ते कळेल. कंपनीचा शेवटचा दिवस. माझं मूळ वाक्य असं होतं:

‘दत्तारामच्या डोळ्यांत तीस वर्षांच्या कष्टांचं ओझं अश्रू बनून तरळत होतं.’

मला हे वाक्य आवडायचं. लिहिलं तेव्हा माझ्याच डोळ्यांत पाणी आलं होतं. गटात ते मोठ्यानं वाचलं गेलं. पाचांपैकी चौघांनी त्याखाली पेन्सिलनं वाकडी रेघ मारली होती, पण का ते कुणाला धड सांगता येईना. बाई म्हणाल्या, ओझं तरळत नाही, तरंगतं ते हलकं. ते बरोबर होतं, पण दुखणं ते नव्हतं. मग सिस्टर म्हणाल्या, ‘मला त्याचे हात दिसले नाहीत. आत्तापर्यंत प्रत्येक पानावर दिसत होते.’ बस्स. कुलूप उघडल्यावर मी एकही प्रश्न विचारला नाही. आता ती जागा अशी आहे:

‘दत्तारामनं मायक्रोमीटर पुसला. पेटीत ठेवला. पेटी लावून ड्रॉवरमध्ये ठेवली. मग पेटी पुन्हा काढली, उघडली, आणि पुसलेला मायक्रोमीटर पुन्हा पुसला.’

यात रडणं कुठंच नाही. माझी बायको हे वाचून उठून आत गेली. यावेळी ‘छान आहे’ म्हणाली नाही.

उलट बाजूही ऐका, कारण गट नेहमी बरोबर असतो असं नाही. ‘रन-आउट’ या शब्दावरून दीड शनिवार गेला. माझ्या कथानकाची खुंटीच ती: एका शाफ्टमधला रन-आउट दत्ताराम लपवतो. मुलगा म्हणाला क्रिकेट वाटलं. बाई म्हणाल्या तळटीप द्या. मॅडम म्हणाल्या शब्दच काढा, ‘दोष’ म्हणा. ‘दोष’! अहो, दोष तर कुंडलीत पण असतो. मी अडून बसलो. बोअरिंग बार, चक-की, कूलंट हे शब्द कळले नाहीत तरी ताई म्हणाल्या होत्या, ‘कळलं नाही, पण अडलं नाही.’ म्हणजे ते शब्द राहू दे. हा मात्र कळायलाच हवा होता. तोडगा मला गटात नाही, घंटाळीच्या कोपऱ्यावर सायकलवाल्याकडं सापडला. नातवाच्या सायकलचं चाक फिरवून तो म्हणाला, ‘चाक आउट आहे, काका.’ चाक गोल फिरतं, पण लपकत फिरतं. हेच की. दत्तारामच्या पोराची सायकल चौथ्या प्रकरणात आली, चाक आउट झालं, आणि पुढं शाफ्टपाशी कुणाला काही समजवावं लागलं नाही. तेव्हा गटानं अडचण दाखवली, त्याबद्दल पूर्ण मार्क. औषध तिघांनी तीन सांगितलं आणि तिन्ही चुकीचं होतं.

शुद्धलेखनाची कटकट हा वेगळाच विषय. बाईंचा जीव ऱ्हस्व-दीर्घात. पहिल्या फेरीत सिस्टरच्या नंबराला त्यांनी अर्धा तास वेलांट्यांत घालवला, मराठी साहित्य महामंडळाचे १९६२ चे चौदा नियम, १९७२ चे आणखी चार, सगळे तोंडपाठ. एका वाक्यात बाळ दगावलं होतं आणि आम्ही ‘तान्हुले’ची मात्रा बघत होतो. सिस्टर काही बोलल्या नाहीत, पण पुढच्या शनिवारी आल्या नाहीत. त्यानंतर मॅडमनी नियम केला, शुद्धलेखनाच्या खुणा पानावर करून पान द्यायचं, तोंडानं बोलायचं नाही. हा नियम पहिल्या दिवशीच हवा होता. बाईंच्या खुणा केलेली पानं मात्र जपून ठेवा, सोनं आहे. माझी पात्रं ‘म्हणाली’ असं कधी म्हणतच नव्हती. उद्गारली, पुटपुटली, गरजली, एक जण तर चक्क ‘वदला’. बाईंनी वीस पानांत एकतीस मोजून दिली, नावानिशी.

खोलीबद्दल लिहायलाच हवं. पंखा एक, तो मॅडमच्या डोक्यावर. खुर्च्या क्लासच्या, लिहायची फळी जोडलेल्या, पंधरा वर्षांच्या पोरांच्या मापाच्या. उशी घेऊन जा. जिन्याला कठडा एकाच बाजूला, तलाठीकाकांच्या गुडघ्यांचे हाल होतात. गाडी नेऊ नका, नौपाड्यात शनिवारी संध्याकाळी गाडी लावायला जागा शोधणं हीच एक कादंबरी आहे. स्टेशनपासून पायी जा. गणपतीच्या आधी महिनाभर शेजारच्या मैदानात ढोलपथकाचा सराव असतो, त्या दिवसांत कुलूप दोन्ही बाजूंनी लागतं. साडेचार म्हणजे पावणेपाच. नंबर चुकला तर पैसे परत नाहीत, नंबरही परत नाही. चहा आपला आपण.

मॅडमबद्दल एक तक्रार नोंदवतो. त्यांना छोटी वाक्यं आवडतात. फार आवडतात. दुसऱ्या फेरीच्या शेवटी मंगळावरची कादंबरी आणि माझी कादंबरी शेजारी ठेवली तर वाक्यं जुळी वाटायला लागली होती. ताईंचं एक दीड पानाचं वाक्य होतं, लग्नघरातला स्वयंपाक, एका दमात, पुरणाच्या वासापासून ते विहिणीच्या रुसव्यापर्यंत. ते सात ठिकाणी तोडायला सांगितलं. ताईंनी तोडलं. मी म्हटलं, जोडा परत. त्यांनी जोडलं. मॅडमना अजून माहीत नाही, हे वाचलं तर कळेल.

आता मोठा दोष. साधा हिशोब करा. बारा शनिवार, शनिवारी दोघं, सहा माणसं. म्हणजे एका फेरीत माणशी चार नंबर, ऐंशी पानं. माझी कादंबरी ३१२ पानांची. दोन फेऱ्या करूनही १६० पानं. म्हणजे निम्मी कादंबरी कुणी बघितलीच नाही. पानाला पन्नास रुपये पडले, ते महाग नाही. त्याच पैशात आपण बाकीच्यांची फेरीमागे चारशे पानं वाचतो आणि शिकायला होतं ते खरं तिथं, दुसऱ्याच्या पानावर पेन्सिल टेकवताना. पण तुकड्यातुकड्यांनी तपासण्यात एक घात आहे आणि तो क्यूसीवाल्याला तरी आधी कळायला हवा होता.

आमच्याकडं एका शाफ्टवर पाच स्पेसर, म्हणजे अंतर राखणाऱ्या कड्या, बसायचे. प्रत्येकाला ड्रॉइंगवर पाच शतांश अधिक-उणे चालायचं. एक लॉट आला, पाचही स्पेसर अधिकच्या टोकाला. मी प्रत्येकावर हिरवं लेबल लावलं, कायद्यानं बरोबरच होतं. असेंब्लीवाला वर आला, डोकं खाजवत. पाच पंचे पंचवीस शतांश, म्हणजे पाव मिलिमीटर, आणि ते सगळं जागेवर धरणारी क्लिप, सर्क्लिप, खाचेत बसेना. प्रत्येक पार्ट पास, मशीन नापास.

माझ्या कादंबरीचं तेच झालं. दर वीस पानांचा तुकडा मी असा घासूनपुसून आणायचो की शेवटी खोलीत ‘वा’ निघावं. निघायचाही. मला त्याची चटक लागली होती, कबूल करतो. दुसरी फेरी संपली तेव्हा मी खूश होतो, प्रकाशकाला पत्र लिहायला घेतलं होतं.

मग पूर्ण वाचन. हे फीमध्ये नाही, आपसातली देवाणघेवाण आहे: तू माझी सगळी वाच, मी तुझी सगळी वाचतो. सहापैकी दोघांनीच केलं, मी आणि सिस्टर. त्यांची २४० पानं मी घेतली, माझी ३१२ पानं पाठपोट छापून, स्पायरल करून त्यांना दिली. त्या म्हणाल्या, रात्रपाळीत वॉर्ड शांत असला तर वाचेन. तीन आठवड्यांनी वही परत आली. मला वाटलं, समासात शेरे असतील. शेरे जवळजवळ नव्हते. वेळा होत्या. पेशंटच्या केसपेपरवर नोंदी करतात तशा, छोट्या सुवाच्य अक्षरात.

पान ३१: ‘१.१०’. पान ७४: ‘२.०५, चहा थंड झाला.’ पान ११८: ‘२.४०, झोप आली.’ पान १२३: ‘परत झोप.’ पान १३०: ‘आज राहू दे.’ मग दुसऱ्या रात्रीची तारीख. पान १४१: ‘३.१५, जाग आली, वहिनी आली ना.’ पान २०२: ‘बेल वाजली, उठावं लागलं, राग आला.’ त्यांना राग आला हे वाचून मला झालेला आनंद कुठल्याही ‘वा’ला नव्हता.

शेवटच्या कोऱ्या पानावर मात्र एक वाक्य होतं: ‘तुमच्या कादंबरीत दर वीस पानांनी कुणीतरी दार वाजवतं.’

मी मोजलं. नऊ वेळा दार, चार वेळा फोन, एकदा भोंगा. प्रत्येक तुकड्याचा शेवट मी शनिवारसाठी केला होता. ज्या १५२ पानांचा नंबर कधी लागलाच नाही, तिथंही सवयीनं तेच, वीसाव्या पानाला टकटक. एकेकटं दार चांगलं होतं. नऊ दारं म्हणजे चाळ झाली.

आणि ११८ ते १४१ ही झोपेची पानं गटात पास झालेली होती, बरं का. हिरवं लेबल. युनियनच्या मीटिंगा, एकाहून एक ठसकेबाज संवाद. वीस-वीस पानं वाचणाऱ्याला मजा येते, सलग वाचणाऱ्याला कळतं की आपण दोन तास एकाच मीटिंगमध्ये बसलोय. तेवीस पानांची सहा केली. सात दारं काढली. शेवटचा पूरही काढला. माझी कादंबरी २६ जुलै २००५ ला संपायची, सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर, दत्ताराम गळाभर पाण्यात. गटातल्या सहापैकी तिघांच्या कादंबऱ्यांत तो पाऊस होता. ताईंच्या कादंबरीत तो हवाच, त्यांच्या चाळीचा पहिला मजला गेला होता. मंगळावरच्या कादंबरीत तो आठवण म्हणून येतो, तोही शोभतो. माझ्यात तो फक्त शेवट सापडत नव्हता म्हणून आला होता.

तर, जावं का? खर्डा पुरा झालेला असेल तर जा. अर्धवट घेऊन जाऊ नका, तिथल्या ‘वा’नं पुढची पानं वाकडी होतात, मंगळावरचा मुलगा अजून तेराव्या प्रकरणातच आहे, तेही पाचव्यांदा. पहिल्याच दिवशी पूर्ण वाचनाला एक जोडीदार गाठून ठेवा, शक्यतो तुमच्या विषयाशी काही घेणंदेणं नसलेला. फेरी एकच करा, दुसरीचे पैसे छपाईला ठेवा. पाचांपैकी साडेतीन तारे. अर्धा पंख्यासाठी कापला, अर्धा वीस पानांच्या हिशोबासाठी, आणि अर्धा ताईंच्या पुरणाच्या वाक्यासाठी.

परवा तिसरा खर्डा छापून आणला, २७४ पानं. सिस्टरना द्यायला गेलो. त्यांना या महिन्यात दिवसपाळी लागली आहे. वही हातात घेऊन वजन केल्यासारखी हलवली आणि परत दिली. म्हणाल्या, ‘दिवसा वाचून काय कळणार, दिवसा कुणाला झोप येते? पुढच्या महिन्यात नाइट लागली की आणा.’

वही कपाटावर ठेवली आहे.